माहूरची यात्रावाट : इतिहासाचें एक साधन

पैनगंगेनें तीन बाजूंनीं वेढिलेलें नांदेड जिल्ह्यांतील माहूर म्हणजेच जुन्या पोथ्यांतील मातापूर होय. फलटणच्या चांगदेव राऊळांस येथें दत्तात्रेयांपासून शक्ति प्राप्त झाली, या श्रद्धेनें रेणुकाभक्तांप्रमाणेंच महानुभावही येथें यात्रेस येतात. त्यांच्या १४ व्या शतकांतील ‘स्थानपोथी’त चक्रधरांच्या वास्तव्याचीं स्थानें दिशांसह नोंदलेलीं आहेत. पायीं जाणाऱ्या भाविकांस उपयोगी पडणारी ती नोंद आज इतिहासाचें साधन ठरली आहे. कारण नष्ट झालेल्या देवळाची जागाही तीवरून शोधतां येते. पैनगंगेच्या खोऱ्यांतील यात्रावाटांची अशीच नोंद झाली पाहिजे. नदीचे उतार, पाणवठे व विसाव्याचे पार पायीं चालणाऱ्यांसच ठाऊक असतात. मोटारीनें जाणाऱ्यास ते दिसत नाहींत. वृद्ध यात्रेकरूंपासून ही माहिती गांववार लिहून घेणें, हें संशोधकांचें निकडीचें कर्तव्य आहे.