जेट बदलायच्या आधी सेकंद मोजा

विरार लोकलच्या गर्दीत एपिसोड अर्धाच कानात गेला असेल, तर हा घ्या लिहिलेला भाग.

आठवडाभर मी कोड लिहितो. रविवारी मात्र वसई पूर्वेच्या एका गॅरेजमध्ये असतो, मित्राच्या जुन्या मारुती 800 सोबत. 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं इंजिन. हसू नका! नारायण कार्तिकेयननेसुद्धा सुरुवात फॉर्म्युला मारुतीत केली होती आणि त्या गाड्यांत 800 चंच इंजिन असायचं. आम्हाला ही गाडी ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ 402 मीटर, पळवायची आहे.

प्रॉब्लेम असा होता. आयडलिंग मस्त. फुल थ्रॉटल दिला की आठ-दहा सेकंद छान खेचायची, मग दम लागल्यासारखी गचके खायची. पाय काढून थोडं थांबलं की परत ठणठणीत.

आम्ही काय केलं? कार्ब्युरेटर तीनदा उघडला. मेन जेट मोठा टाकला. गचके उलट लवकर यायला लागले. लॉग न वाचता कोडच्या ओळी बदलत बसावं, तसला प्रकार.

इथे लॉग म्हणजे वेळ. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी असते, फ्लोट बाउल. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखी. नळाला पाणी कमी येतंय हे टाकी भरलेली असेपर्यंत घरात कळतच नाही ना? तसंच. हे इंजिन पूर्ण जोरात सेकंदाला ढोबळमानाने 3 मिली पेट्रोल पितं. मागून तेवढं आलं नाही, की वाटी हळूहळू रिकामी होते. मोठा जेट म्हणजे घरात मोठा नळ बसवणं. टाकी आणखी लवकर संपणार!

म्हणून आधी बघा, गचका कधी येतो:

• पाय दाबल्या दाबल्या: ॲक्सिलरेटर पंप तपासा.
• फक्त वळणावर: फ्लोटची लेव्हल, किंवा टाकीत पेट्रोल एका बाजूला सरकतंय.
• काही सेकंदांनी: वाटीच्या मागे बघा. टाकीच्या झाकणाचा व्हेंट, फिल्टर, होज, पंप.

आमची केस तिसरी. झाकण सैल करून पाहिलं, फरक नाही. फिल्टर नवा टाकला, तरी तेच. मग मेकॅनिकने थंड इंजिनवर, उघड्या जागेत, इग्निशन कॉइलची वायर काढून, कार्ब्युरेटरचा होज बाटलीत सोडला आणि स्टार्टर फिरवला. अग्निशामक हाताशी ठेवूनच, बरं का. पेट्रोलची वाफ चूक माफ करत नाही.

धार तुटक होती आणि तिच्यात बुडबुडे! या गाडीचा पंप इंजिनवर असतो, तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, पण हवा आत शिरते. टाकीजवळच्या जुन्या होजला अशीच बारीक चीर होती. होज आणि क्लिप बदलले, जुना जेट परत लावला, गचके गायब.

जुनी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने खराब होऊ शकतं, म्हणून इथेनॉलला चालणारेच होज घ्या. शिवाय इथेनॉलला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं. म्हणजे कधी मोठा जेट खरंच लागेल, पण पुरवठा पक्का झाल्यावर.

आणि "थोडी गचकतेय, चालवून टाकू" असं अजिबात करू नका. फुल थ्रॉटलवर पातळ मिश्रण म्हणजे नॉकिंग आणि प्रचंड उष्णता. पिस्टनला भोक पडू शकतं. आम्ही गचका आल्यावरही पाय दाबून ठेवला असता, तर स्वस्तातल्या होजपायी अख्खं इंजिन गेलं असतं.

तुमच्या गाडीचा गचका कितव्या सेकंदाला येतो? मोजा आणि कळवा. फक्त मोजायचं ते बंद ट्रॅकवर, हायवेवर नाही. भेटू पुढच्या एपिसोडला!