पडवीतली उमेदवारी

कोकणातल्या सातबाऱ्यावर जमीन थोडी आणि माणसं फार. बुरोंडीत कलमांच्या चार-सहा गुंठ्यांच्या तुकड्यालासुद्धा पंचवीस-तीस नावं लागलेली असतात. त्यातली काही वारलेली, बरीचशी मुंबईला, आणि एखादी अशी की ती कुणाची कोण हे भावकीतही कुणाला सांगता येत नाही. त्यामुळे आमच्याकडच्या नव्या वकिलाची उमेदवारी कोर्टात उभं राहून सुरू होत नाही. ती सुरू होते वंशावळीपासून.

शेजारचे वकीलसाहेब आठवडाभर दापोलीच्या कोर्टात असतात आणि रविवारी सकाळी घरच्या पडवीत बसतात. त्यांच्याकडे सध्या एक ज्युनिअर आहे. गावातलीच मुलगी, घरचा धंदा मासेमारीचा, सनद अलीकडेच मिळालेली. मला रविवारी दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे मीही तिथे जाऊन बसतो.

परवा तिने वाटपाच्या दाव्याचा कच्चा मसुदा आणला होता. साहेबांनी मजकूर वाचलाच नाही. आधी मिळकतीचं वर्णन पाहिलं, चतुःसीमा पाहिल्या आणि मग प्रतिवादींची यादी. ‘जुना फेरफार काढलास का गं?’ तिने काढला होता. कूळकायद्याच्या कलम ३२ ग खाली पक्षकाराच्या आजोबांच्या नावे झालेली खरेदी, आणि नावापुढे बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ‘मग ही जमीन एकट्या आजोबांची कशी? त्यांचे भाऊ कुठे गेले? भावांच्या मुली कुठे गेल्या?’ तिने आजोबांच्या पोटच्या वारसांनाच प्रतिवादी केलं होतं. आवश्यक पक्षकार सामील नाहीत, एवढा एकच मुद्दा समोरच्याने कैफियतीत घेतला की दावा वर्षानुवर्षं लटकतो. तिने तिथेच पाठकोऱ्या कागदावर वंशावळ मांडायला घेतली. तासाभराने पक्षकार तात्यांना मुंबईला फोन लागला आणि पनवेलला दिलेल्या एका आत्याचा शोध सुरू झाला.

हे शिक्षण कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने वकिलीचं दार नीट बांधलं आहे. मान्य कॉलेजची पदवी हवी. तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप हवी. मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी. तिची फी कायद्यात ७५० रुपये असताना ठिकठिकाणच्या कौन्सिलांनी ती हजारांत नेली होती. ३० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायद्याच्या आकड्यावर आणली. शिवाय २०११पासून सुरू झालेली ऑल इंडिया बार एक्झाम. वकील चुकला, वाह्यात वागला, तर कलम ३५ खाली शिस्तपालन समिती आहेच. आत येण्याचं दार आणि बाहेर काढण्याचं दार, दोन्ही पक्की. मधल्या घरात काय चालतं, ते विचारायला कुणी येत नाही.

आयर्लंडमध्ये नेमकं मधलंच घर बांधलेलं आहे. तिथे सॉलिसिटर व्हायचं तर आधी प्रवेश परीक्षेचे आठ पेपर, मग डब्लिनच्या ब्लॅकहॉल प्लेसमध्ये लॉ सोसायटीचा अभ्यासक्रम, आणि सोबत एखाद्या ऑफिसात दोन वर्षांची उमेदवारी. ही उमेदवारी लेखी कराराने होते आणि करार लॉ सोसायटीकडे नोंदवला जातो, म्हणजे शिकवणाऱ्यालाही कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आपल्याला हे अगदीच परकं नाही. मुंबईतल्या सॉलिसिटरांची आर्टिकलशिप याच वळणाची. पण ती फोर्टातली गोष्ट, दापोलीतली नव्हे.

सगळ्यांनाच अशी उमेदवारी लावायचा प्रयत्न आपल्याकडेही झाला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५मध्ये सनदेआधी वर्षभराच्या प्रशिक्षणाचे नियम केले. १९९९मध्ये व्ही. सुदीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. प्रशिक्षण नको म्हणून नव्हे. संसदेने १९७३च्या दुरुस्तीत ती तरतूदच काढून टाकल्यावर कौन्सिलला तसा अधिकार उरला नव्हता, म्हणून. ती तरतूद आजतागायत परत आलेली नाही.

मग उरतो सीनिअर. तो चांगला भेटला तर भाग्य. नाहीतर तारखा घेणं, नकलेचे अर्ज देणं, बोर्ड बघणं आणि ‘सीनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत’ म्हणून तहकुबी मागणं यातच दोन वर्षं जातात. निशाणी ५च्या मनाई अर्जावर एकदाही तोंड न उघडलेले, पाच-सात वर्षं सनद असलेले वकील मी पाहिले आहेत.

पैशाचा विषय पडवीत सहसा निघत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये महिना द्यावेत, असं परिपत्रक काढलं. सक्ती नाही, शिफारस आहे. मी ते मुद्दाम काढलं तेव्हा साहेब म्हणाले, ‘माझा पक्षकार फी हप्त्याने देतो, तीही आंब्याचे पैसे आले की.’ खोटं नाही ते. पण तिलाही एसटीचं तिकीट रोजच काढावं लागतं, त्याला आंब्याचा हंगाम नसतो, हे मी बोललो आणि साहेबांनी विषय बदलला.

काही हललंय ते वेगळ्याच बाजूने. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वकिली किमान दहा वर्षं सनद असलेल्या वकिलाच्या दाखल्याने सिद्ध करायची, आणि त्यावर तिथल्या न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा हवा. म्हणजे ज्युनिअर कोर्टात दिसला पाहिजे, कागदावरही दिसला पाहिजे. आमच्या ज्युनिअरला ती परीक्षा द्यायची आहे. पूर्वी वकीलपत्रावर साहेबांचं एकट्याचंच नाव असे, तिचं घालायचं राहून जाई. आता ती त्यांच्या नावाखाली आधी स्वतःचं नाव लिहिते आणि मगच वकीलपत्र सहीसाठी पुढे करते. परवाच्या दाव्यातही ते तसंच लिहिलेलं होतं. फक्त प्रतिवादी अजून वाढायचे होते.