जखमींच्या उशाशी, आभाळात

युद्धाचा इतिहास वाचताना सेनापतींची नावे आपल्याला पाठ होतात. पण लढाईत पाय गमावलेल्या शिपायाला आघाडीवरून परत कोणी आणले, वाटेत त्याच्या ओठांना पाणी कोणी लावले, हे सहसा कोणी विचारीत नाही. अशाच काही मुलींची ही हकीकत.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, जून १९३९ मध्ये, ब्रिटनने हवाई दलासाठी महिलांचे सहायक दल उभारले. घरकाम, दुकान, कारखाना सोडून हजारो मुली त्यात आल्या. १९४३ साली त्यांची संख्या सुमारे १ लाख ८० हजारांवर गेली होती. कोणी पॅराशूटच्या घड्या घालीत, कोणी विमानाचे इंजिन दुरुस्त करीत, कोणी ट्रक चालवीत. काम पुरुषांच्या बरोबरीचे. पगार मात्र पुरुषाच्या दोन तृतीयांश!

याच दलात नर्सिंग ऑर्डर्ली होत्या. त्या शिकून तयार झालेल्या नर्स नव्हत्या. मलमपट्टी करायची, अंथरुणे बदलायची, रुग्णाचे हवे-नको पाहायचे, हे त्यांचे काम. त्यांच्यापैकी स्वखुशीने पुढे आलेल्यांना विमानातून जखमी आणण्याचे शिक्षण देण्यात आले. प्राणवायू कसा द्यावा, इंजेक्शन कसे टोचावे, भाजलेल्या, हात-पाय तुटलेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या माणसाला कसे सांभाळावे, हे त्या शिकल्या.

६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. आठवड्याने, १३ जून रोजी, इंग्लंडमधील ब्लेकहिल फार्म या विमानतळावरून डकोटा विमाने निघाली. त्यांत लिडिया आल्फर्ड, मायरा रॉबर्ट्स आणि एडना बर्कबेक या तिघी होत्या. लिडिया कॉर्पोरल, बाकी दोघी तिच्याहूनही खालच्या हुद्द्याच्या.

या कामातील खरा धोका वाचकांनी समजून घ्यावा. रुग्णवाहक विमानावर रेडक्रॉसचे चिन्ह असले, तर शत्रूने त्यावर गोळी झाडू नये असा युद्धाचा नियम आहे. पण ही विमाने जाताना दारूगोळा आणि इतर लष्करी सामान नेत. त्यामुळे त्यांच्यावर ते चिन्ह रंगविता येत नसे. म्हणजे स्फोटकांच्या पेट्यांशेजारी बसून जायचे आणि येताना जखमींना घेऊन त्याच बिनखुणेच्या विमानातून यायचे!

सामान उतरले की विमानात स्ट्रेचर चढत. दोन्ही बाजूंना एकावर एक स्ट्रेचर टांगलेले. एका खेपेला सुमारे चोवीस जखमी. वर डॉक्टर नाही. कोणाचा रक्तस्राव सुरू होई, कोणी वेदनेने ओरडे, कोणी आईला हाक मारी. एकट्या मुलीने सर्वांकडे पाहायचे. उंचावर हवा विरळ होते आणि डोक्याला, छातीला जखमा असलेल्यांना त्रास होतो. म्हणून शक्य तेव्हा विमान खालूनच न्यावे लागे. संकट आले तरी स्ट्रेचरवरच्या माणसाला सोडून उडी मारायची नाही, हे प्रत्येकीला ठाऊक होते. सगळ्याजणी परतल्या नाहीत.

त्याच १९४४ साली आपल्या इंफाळला वेढा पडला होता. तेथेही डकोटा विमाने जाताना रसद नेत आणि येताना जखमी शिपायांना आणीत.

वर्तमानपत्रांनी त्या मुलींना ‘उडत्या नाइटिंगेल’ असे नाव दिले. त्यांनी एक लाखाहून अधिक जखमी मायदेशी आणल्याचा अंदाज आहे. पण युद्ध संपले, आणि जग त्यांना विसरले. हयात असलेल्या सातजणींचा सन्मान झाला तो २००८ साली. पहिल्या उड्डाणानंतर तब्बल ६४ वर्षांनी! ज्यांचे डोळे तोपर्यंत मिटले होते, त्यांचे काय?

भगिनींनो, आपल्याही घरात कोणी दवाखान्यात आया असेल, कोणी वॉर्डबॉय, कोणी सैन्यातून निवृत्त झालेला शिपाई असेल. त्यांच्या हातांनीही माणसे वाचली आहेत. त्यांच्या गौरवासाठी कोणी ६४ वर्षे थांबू नये. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, त्यांना बोलते करा आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला वही घेऊन लिहायला सांगा. आपल्या माणसांचा इतिहास आपणच लिहून ठेवला पाहिजे.