जाम नदीच्या काठी चार तास

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने आम्ही पांढुर्ण्यास उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सौंसरला जाणारी बस दुपारी एकची. मधला वेळ स्थानकाच्या बाकावर काढावा, असा आमचा विचार होता. परंतु सोबतचे वृद्ध गुरुजी तसे बसू देणारे नव्हते. त्यांचे बालपण याच गावी गेलेले, आणि लेक दिलेली सौंसरला. “चला भाऊ, गाव दाखवतो,” म्हणत त्यांनी पिशवी उचललीच.

बाजारात शिरताच आम्हांस नवल वाटले. पाट्या हिंदीत, पण घासाघीस अस्सल वऱ्हाडी वळणाच्या मराठीत! संत्र्यांच्या राशीपाशी थांबून गुरुजींनी उलगडा केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. तेव्हापासून घरात मराठी, कचेरीत हिंदी. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून निराळा जिल्हा झाला, तरी घरची भाषा तीच राहिली.

मग आम्ही जाम नदीवर आलो. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पात्रात पाणी थोडे, गोटे फार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मुले लाकडी बैल मिरवून तान्हा पोळा साजरा करतात. त्याच दिवशी येथे गोटमार होते. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि तो मिळविण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली आणि दोघे नदीतच दगडांखाली सापडली, अशी आख्यायिका सांगतात. या खेळात माणसे मेली आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयत्नही सरकारने करून पाहिला. दगड काही सुटले नाहीत.

गुरुजींच्या कपाळावर जुना व्रण आहे. तो गोटमारीचा, हे आम्ही अनेकदा त्यांच्याच तोंडून अभिमानाने ऐकले होते. त्या दिवशी मात्र ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

“भाऊ, हा व्रण मी सगळ्यांना दाखवतो. पण माह्या हातचा गोटाही एकाला लागला होता. त्याचा डोळा गेला. हे घरी कोणाला ठाऊक नाही. नातू औंदा गोटमारीले जाईन म्हणते. त्याले काय सांगू?”

आम्ही काय उत्तर देणार? एवढेच म्हणालो, “गुरुजी, व्रण दाखवलात, तर डोळाही सांगा.”

एकची बस मिळाली. वाटेत गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी सौंसरला ओसरीवर नातवाने आमच्यापुढे संत्री ठेवली आणि तो आजोबांशेजारी बसला. गुरुजींनी त्याचा हात धरला व सांगावयास आरंभ केला. आम्ही पाणी पिण्याचे निमित्त करून आत गेलो.

परत आलो तेव्हा मुलगा खाली मान घालून बसला होता. पुष्कळ वेळाने त्याने विचारले, “आबा, त्या माणसाचं नाव काय होतं जी?”

गुरुजींना ते नाव आठवत होते.