हत्यार कोणी पालटायचे?

टाकीचे घाव सोसल्याविना देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. पण एकाच टाकीने देव घडत नाही. उजनीचे पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने दगडी देऊळ उघडे पडते. ते घडविताना पाथरवटाने घण, सुतकी, छिन्नी, टाकी ही हत्यारे किती वेळा पालटली असतील!

आज हे काम यंत्रमानवाचा पोलादी हातही करतो. त्यालाही कापायला हिरकणी बसविलेली चकती, कोरायला बारीक पाते, घोटायला गादी लागते. ही हत्यारे तो आपली आपण पालटतो. हाताच्या मनगटावर एक तबकडी असते, प्रत्येक हत्यारावर तिची जोडीदार. दोन्ही भिडल्या की हवेच्या दाबाने दट्ट्या सरकतो, पोलादी गोळ्या खाचेत बसतात. चांगल्या जोडणीत हवा गेली तरी स्प्रिंगमुळे पकड सुटत नाही. दगडाचा चिखल मात्र तिचा वैरी; म्हणून आधी हवेच्या झोताने तबकड्या साफ कराव्या लागतात.

आम्हा कामगारांचे या यंत्राशी वैर नाही. दगडाची, विशेषतः ग्रॅनाइटची, बारीक धूळ छातीत बसून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कायद्याप्रमाणे तो सरकारला कळवावाच लागतो. त्या धुळीतून माणूस बाहेर निघत असेल तर आम्हांला हवेच आहे. पण बाहेर निघालेला माणूस रस्त्यावर येता कामा नये. धार गेल्याचे आवाजावरून ओळखणारा कान त्याचाच आहे. बारामती-इंदापूरच्या दगडकामगाराला शिकवा आणि त्या यंत्रावर बसवा, एवढेच आमचे मागणे.