तुंबलेलं सिंक, अडकलेली स्प्रिंग

चकल्या-शेवेची कढई गरम पाण्याने सिंकमध्ये विसळली, की तेल-तूप गेलं असं वाटतं. ते जातं फार तर हातभर. वनस्पती तूप साधारण ३१ ते ४१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि दिवाळीच्या थंडीत ओट्याखालचा पाइप त्याहून बराच गार असतो. तूप त्याच्या आतल्या अंगाला थिजतं आणि त्यावर बेसन, भाताची शितं, चहाचा चोथा बसत जातो. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम स्निग्धाम्लांशी जुळून न विरघळणारा घट्ट साबण होतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ मध्ये याच रसायनाचा गोळा सापडला. तो सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता.

सिंक तुंबलं की हात आधी कॉस्टिक सोड्याच्या पुडीकडे जातो. तो आवरावा. कॉस्टिक पाण्यात पडताच भयंकर तापतं, त्या उष्णतेने पीव्हीसी मऊ पडू शकतं. शिवाय बोळा सुटला नाही तर पाइपात जळजळीत द्रावण साचून राहतं आणि पाइप उघडणाऱ्या माणसाच्या हातावर, डोळ्यांत उडतं. आधीच ओतलं असेल तर प्लंबरला दारातच सांगा. त्याचे डोळे त्यावर अवलंबून आहेत. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर कधीच एकत्र येऊ देऊ नयेत, क्लोरीन वायू सुटतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर फसफसतात खरे, पण एकमेकांनाच निष्प्रभ करतात.

मुळात तुंबलंय कुठे, हे आधी हुडकायला हवं. बऱ्याच फ्लॅटमध्ये सिंकचं पाणी जाळीखालच्या कपलिंगमधून वेस्ट पाइपात किंवा बॉटल ट्रॅपमध्ये, तिथून जमिनीतल्या नाहणी ट्रॅपमध्ये आणि पुढे उभ्या पाइपाने खालच्या चेंबरला जातं. नुसतं सिंकच तुंबलं असेल तर अडथळा बहुधा ओट्याखालीच असतो. जमिनीतल्या जाळीतून पाणी वर येत असेल तर तो जाळीच्या पुढे. वरच्या मजल्यावर नळ सोडल्यावर आपल्याकडे पाणी चढत असेल तर उभा पाइप किंवा चेंबर तुंबलाय, सोसायटीला कळवा.

ओट्याखाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढावी. पुष्कळदा सगळा गाळ तिथेच सापडतो. नसेल तर वाटी परत बसवून रबरी पंप. सिंकमध्ये रबर बुडेल इतकं पाणी हवं, आणि सिंकला दुसरं भांडं किंवा ओव्हरफ्लो असेल तर त्याचं भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरायचं. नाहीतर सगळा जोर तिथूनच निसटतो.

पंपानेही सुटलं नाही की पाइपात सारायची लवचीक तारेची स्प्रिंग लागते आणि खरी गडबड इथेच होते. स्प्रिंग थोडी आत सारायची, मग फिरवायची, पुन्हा थोडी सारायची. वळणावर अडली की लोक नेट लावतात. मग टोक पुढे जात नाही आणि मागची स्प्रिंग पाइपातच पीळ घेते, दुमडते. किंवा टोकाचा आकडा सांध्याच्या कडेत रुततो. आता हिसका मारला तर वेटोळी ताणून सरळ होतात आणि तार आणखी घट्ट बसते.

अशा वेळी ओढणं ताबडतोब थांबवावं. स्प्रिंग बोटभर पुढे ढकलून आकडा मोकळा करावा, उलट दिशेने एक-दोन फेरे द्यावेत आणि मग हलक्या हाताने मागे घ्यावी. उलटे फेरे जास्त दिले तर टोकच सुटून आत राहण्याची भीती असते. भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी सोडलं तर घर्षण कमी होतं. उकळतं नको, पीव्हीसीला ते सोसत नाही. कॉस्टिक ओतलेल्या पाइपात मात्र स्प्रिंग घालूच नये. बाहेर येताना ती ते द्रावण अंगावर शिंपडते.

तरीही हलली नाही, तर दुसऱ्या बाजूने जावं. नाहणी ट्रॅपची जाळी उचलून किंवा ओट्याखालचा सांधा सोडवून टोक कुठे आहे ते पाहावं. धातूचा नट गंजून धरला असेल तर गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवावा, मग पाना लावावा. प्लास्टिकच्या नटाला पाना लावूच नये, त्याचे आटे जातात. शेवटचा उपाय म्हणजे ओट्याखालच्या उघड्या पाइपाचा अडलेला भाग कापून स्प्रिंगसकट बाहेर काढणं. नवा तुकडा आणि दोन कपलर फारसे महाग नसतात. जोडताना पीव्हीसीचं सोल्युशन लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्यावं, सांध्याखाली कोरडा कागद पसरावा आणि सिंक भरून एकदम सोडावं. कागदावर थेंब उमटला तर सांधा पुन्हा करावा लागेल.