शंभर टक्के राबतंय कोण?

प्रोजेक्ट सबमिशनला दोन दिवस उरले होते आणि लॅपटॉपने मान टाकली. माऊस हलवला की बाण पाच सेकंदांनी सरकायचा. पंखा मिक्सरसारखा घरघरत होता. दुकानात दाखवला, तर उत्तर मिळालं, "प्रोसेसर गेलाय, बोर्ड बदलावा लागेल." खर्च, सेकंडहँड घेतलेल्या त्या लॅपटॉपच्या जवळपास निम्मा! बाबा काहीच बोलले नाहीत. डायरी काढून पगाराचा हिशेब मांडायला बसले. तेच जास्त लागलं.

रात्री उल्हासनगर कॅम्प १ मधल्या आमच्या खोलीत मी लॅपटॉप पुन्हा उघडला. त्यात लिनक्स आहे. टर्मिनलमध्ये 'टॉप' कमांड दिली. सगळ्यात वर नाव होतं 'केस्वॉपडी०', आणि त्यासमोर जवळपास १०० टक्के. म्हणजे प्रोसेसरचा एक अख्खा कोर हाच खात होता. सापडला चोर! लगेच 'किल' केलं, पण ढिम्म. हलणार कसा? तो कर्नलचाच धागा आहे. पण तो चोरही नव्हता.

हे समजायला आमची खोली बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या या बरॅकी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं इथे आली, एकेका बरॅकीत अनेक बिऱ्हाडं मांडली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ला या वस्तीचं उल्हासनगर झालं. अशा खोलीत माळा हवाच. पाहुणे आले की आई लगेच नको असलेल्या वस्तू माळ्यावर टाकते आणि लागल्या की काढते. खोली म्हणजे रॅम, माळा म्हणजे डिस्कवरची स्वॅप आणि शिडीवर चढणारी आई म्हणजे केस्वॉपडी. मोकळी मेमरी ठरावीक पातळीखाली गेली की तो जागा होतो, पुरेशी जागा करतो आणि पुन्हा झोपतो. त्याला झोपच मिळत नसेल, तर दोष शिडी चढणाऱ्याचा की खोलीत गर्दी करणाऱ्यांचा?

मग पुढची कमांड, 'फ्री'. इथे 'फ्री'चा रकाना बघून घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी फायलींच्या कॅशसाठी वापरतंच. बघायचा तो 'अव्हेलेबल'. माझ्याकडे ४ जीबीपैकी १५० एमबीसुद्धा नव्हते. खालच्या ओळीत स्वॅप शून्य! इन्स्टॉल करताना डिस्कची जागा वाचवायला मीच ती काढून टाकली होती. म्हणजे माळाच नाही.

माळा नसेल तर काय होतं, ते 'व्हीएमस्टॅट १'ने दाखवलं. स्वॅपचे 'एसआय' आणि 'एसओ' रकाने शून्य, पण डिस्कवरून वाचल्याचा 'बीआय' मात्र सतत हजारांत. प्रोग्रॅमचा तात्पुरता डेटा ठेवायला स्वॅप नव्हती, म्हणून केस्वॉपडी फायलींची पानं टाकत होता. त्यात चालू प्रोग्रॅमचा कोडही आला. पुढच्याच क्षणी तो कोड लागायचा, की पुन्हा डिस्कवरून वाचा. टाका, वाचा, टाका, वाचा. याला म्हणतात थ्रॅशिंग.

गर्दी कोणाची होती? 'टॉप'मध्ये शिफ्ट आणि एम दाबलं, यादी मेमरीप्रमाणे लागली. अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एम्युलेटर आणि ब्राउझरचे बावीस टॅब. सगळे माझेच पाहुणे.

एम्युलेटर बंद केला आणि अ‍ॅप केबल लावून खऱ्या फोनवर चालवलं. टॅब चारवर आणले. ४ जीबीची स्वॅप फाइल बनवून चालू केली. दहा मिनिटांत केस्वॉपडी यादीत दिसेनासा झाला आणि पंखा शांत झाला. अर्थात नुसत्या स्वॅपने भागलं नसतं. गर्दी तेवढीच राहिली तर माळा असूनही चढउतार चालूच राहते. मग 'एसआय' आणि 'एसओ' दोन्ही धावताना दिसतात. तेव्हा काम कमी करा किंवा रॅम वाढवा.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. कधी चूक खरंच कर्नलची असते. २०११मध्ये काही लॅपटॉपवर मेमरी असूनही केस्वॉपडी थांबेना, तेव्हा मेल गॉरमन या डेव्हलपरने कर्नलसाठी पॅच दिले होते. म्हणून 'अव्हेलेबल' भरपूर असेल, तर आधी अपडेट करा. दुसरं म्हणजे क्रिप्टो-मायनिंग करणारी काही मालवेअर हेच नाव लावून लपतात. खरा केस्वॉपडी रूटच्या नावावर चालतो, 'पीएस'च्या यादीत चौकटी कंसात दिसतो आणि त्याच्या 'रेस' रकान्यात शून्य असतं. तुमच्या युजरच्या नावावर, मेमरी खाताना दिसला तर तो तोतया.

प्रोजेक्ट वेळेत गेला. लॅपटॉप तोच आहे, बोर्डही तोच. तुमचा अडकला तर दुकानाची पायरी चढण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : अव्हेलेबल किती, स्वॅप किती, सगळ्यात जास्त मेमरी कोणाकडे. दहा मिनिटांचं काम आहे. बाबांनी डायरी मिटली, ती त्या कागदामुळेच.